मेरेंगे

मेरेंगे : कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताक या देशाचे जोडीने नाचायचे नृत्य व त्याचे संगीत. दोन मात्रांचा जलद ठेका, तांबोरा हा दुतोंडी ढोल, ग्विरा हे घासून वाजवायचे धातूचे वाद्य आणि बटणांचे अ‍ॅकॉर्डियन ही त्याची ओळख. युनेस्कोने २०१६ मध्ये त्याचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. डोमिनिकन प्रजासत्ताकात २६ नोव्हेंबर हा राष्ट्रीय मेरेंगे दिन म्हणून पाळतात.

नाचाचा मूळ पदन्यास शिकायला अगदी सोपा आहे. दर मात्रेला एक पाऊल, डावे-उजवे आलटून पालटून. गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेला की कंबर आपसूक हलते. नवशिके ती मुद्दाम फिरवू पाहतात आणि तिथेच ठेका हातचा जातो. जोडीदार एकमेकांना धरून असल्याने भरगच्च दालनात, एका फरशीएवढ्या जागेतही हा नाच होतो. जाणकारी दिसते ती हात न सोडता घेतलेल्या सावकाश गिरक्यांत. एक पाय जरा ओढल्यासारखा वाटतो, त्यावरून दोन दंतकथा प्रचलित आहेत. एकीत बेडी घातलेले गुलाम पाय ओढत नाचतात. दुसरीत पायाला जखम झालेल्या योद्ध्याच्या मानासाठी सारे गाव लंगडत नाचते. इतिहास म्हणून दोन्ही कुचकामी, पण पहिलीत आफ्रिका आहे आणि दुसरीत राष्ट्रवीर, हे ध्यानात ठेवावे. मेरेंगे नेमके कोणाचे, हा वाद त्याच्या सगळ्या इतिहासात चालू आहे.

ग्रामीण मेरेंगेचे घर म्हणजे देशाच्या उत्तरेकडील सिबाओ हे सुपीक खोरे आणि तेथील सांतियागो हे शहर. या शैलीला ‘मेरेंगे तिपिको’ किंवा बोलीत ‘पेरिको रिपियाओ’ म्हणतात. तांबोरा मांडीवर आडवा ठेवून किंवा गळ्यात अडकवून वाजवतात. आपल्याकडच्या ढोलाप्रमाणे त्याच्या एका तोंडावर काठी आणि दुसऱ्यावर हाताचा पंजा पडतो. काठी मधूनच लाकडी खोडावरही मारतात आणि तो कोरडा ठोका ठेक्याचाच भाग असतो. ग्विरा म्हणजे पत्र्याची नळी. पत्र्याला खिळ्याने ठोकून खडबडीत केलेले असते आणि त्यावर तारांचा ब्रश घासतात. कान सरावलेला नसेल तर तो नुसता खरखराट वाटतो, पण नाचणाऱ्यांचे पाय बांधून ठेवतो तोच. खर्जासाठी पूर्वी मारिंबा असे. ही लोखंडी पट्ट्या बसवलेली लाकडी पेटी. वादक तिच्यावरच बसून पट्ट्या बोटांनी छेडतो. पुढे सॅक्सोफोन आला, नंतर बास गिटार.

अ‍ॅकॉर्डियन मात्र मूळचे नव्हे. आधी गिटारीसारखी तंतुवाद्ये होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिबाओचा तंबाखू जर्मनीला जाऊ लागला आणि त्याच व्यापाराच्या वाटेने जर्मन बनावटीची स्वस्त अ‍ॅकॉर्डियने खोऱ्यात आली. त्यांचा आवाज मोठा, बांधणी दणकट. एकाच बटणाला भाता दाबला तर एक सूर, ओढला तर दुसरा. त्यामुळे चालींत एक विशिष्ट धसमुसळी चपळाई आली. स्वरांची मर्यादाही आली. जुन्या तंतुवाद्यांवरच्या काही चाली या पेटीवर बसेनात आणि मागे पडल्या.

सुरुवातीच्या मेरेंगेचे पुरावे बव्हंशी त्याच्या विरोधकांनी लिहून ठेवले आहेत. शेजारच्या पोर्तो रिको बेटावर स्पॅनिश गव्हर्नर पेसुएला याने १८४९ मध्ये त्यावर बंदी घातली. १८५४ मध्ये डोमिनिकन राजधानी सांतो दोमिंगोच्या वृत्तपत्रांत सुशिक्षित तरुण या ‘असभ्य’ नाचावर तुटून पडले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला एस्पायात यानेही १८७५ मध्ये मेरेंगेवर टीका केली. आक्षेप कंबरेवर होता, तसाच रंगावरही. युरोपीय जोडनृत्याचा साचा आणि आफ्रिकी ठेका यांचे मिश्रण कानाला स्पष्ट ऐकू येते, शिवाय डोमिनिकन प्रजासत्ताकाच्याच बेटावरील हैतीत मेरेंग नावाचे जवळचे भावंड नांदते. हे दोन्ही मान्य करणे प्रतिष्ठितांना जड जात होते.

चित्र पालटले ते हुकूमशहा राफाएल त्रुहियोमुळे (सत्ताकाळ १९३०–६१). उच्चभ्रूंच्या क्लबांनी तुच्छ लेखलेला हा लष्करी अधिकारी १९३० च्या प्रचारात सिबाओचे मेरेंगे वादक सोबत घेऊन फिरला. १९३६ मध्ये त्याने सांतियागोच्या लुईस अल्बेर्तीचा वाद्यवृंद राजधानीत आणला. अल्बेर्तीने अ‍ॅकॉर्डियनच्या जागी सॅक्सोफोन व ट्रम्पेट वापरून मेरेंगेला दिवाणखान्यात बसेल असे रूप दिले. आता प्रथम पासेओ, म्हणजे जोडप्यांनी दालनात फेरी मारण्याचा संथ भाग. मग मुख्य गाणे. शेवटी हालेओ, ज्यात गायक आणि कोरस यांची सवाल-जबाबासारखी आवर्तने चालतात. ज्या क्लबांत या नाचाला मज्जाव होता तिथे तो नाचणे आता निष्ठेचे लक्षण ठरले. हुकूमशहाची स्तुती करणारी मेरेंगे ढिगाने रचली गेली आणि त्याचा भाऊ पेतान याच्या ‘ला वोस दोमिनिकाना’ या रेडिओ केंद्रावरून वाजत राहिली. याच राजवटीने १९३७ मध्ये हजारो हैतियनांची कत्तल केली. त्यामुळे राष्ट्रीय नृत्याचे मूळ शक्य तितके स्पॅनिश ठरवणे आणि आफ्रिकेचा वाटा पुसणे हा निव्वळ अभ्यासकांचा वाद नव्हता. ३० मे १९६१ रोजी त्रुहियोची हत्या झाली. लोक त्याला मागे ‘बोकड’ म्हणत; बोकड मारला, असा जल्लोष करणारे गाणे लगोलग आले, आणि तेही मेरेंगेच होते.

त्यानंतरच्या पिढीचा नायक जॉनी व्हेंतुरा (१९४०–२०२१). त्याने वाद्यवृंद आटोपशीर केला, वादकांना रंगमंचावर नाचायला लावले, पासेओ गाळून वेग वाढवला. १९९८ ते २००२ या काळात तो सांतो दोमिंगोचा महापौरही होता. विल्फ्रिदो वार्गासने सत्तर-ऐंशीच्या दशकांत वेग आणखी चढवला. हुआन लुईस गेर्राने १९८९ मध्ये शेतावर कॉफीचा पाऊस पडो, अशा आशयाच्या गाण्यातून खेड्याची गरिबी कवितेच्या भाषेत आणली. ग्रामीण शैलीही संपली नाही. तातिको एन्रिकेसने तिला नवी धार दिली, आणि पुरुषांची मक्तेदारी असलेल्या अ‍ॅकॉर्डियनवर फेफिता ला ग्रांदे या वादिकेने आपले नाव कोरले.

साठच्या दशकानंतर डोमिनिकनांचे लोंढे न्यूयॉर्कला गेले आणि ऐंशीच्या दशकात तेथील लॅटिन नृत्यगृहांत मेरेंगेने साल्साला मागे टाकले. साल्साची पावले शिकावी लागतात, मेरेंगेत पहिल्याच गाण्याला उतरता येते, हे त्याचे एक साधे कारण. पोर्तो रिकोच्या एल्विस क्रेस्पोचे १९९८ चे ‘सुआवेमेंते’ तर स्पॅनिश न येणाऱ्यांनाही पाठ झाले. झुंबा या व्यायामप्रकाराच्या चार पायाभूत तालांत मेरेंगे असल्याने पुण्या-मुंबईच्या व्यायामशाळांतही हा ठेका रोज वाजतो, बहुधा नावाविनाच. व्हेनेझुएलातही मेरेंगे नावाचा प्रकार आहे, पण तो वेगळा समजावा : त्याची रचना पाच-आठ अशा विषम मोजणीत असते आणि डोमिनिकन पावले त्यावर बसत नाहीत.