ओहमला न जुमानणारा स्फटिक

डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने सहज जाऊ देणारा छोटा भाग; त्याचा व्होल्टेज-करंट ग्राफ बारावीच्या प्रॅक्टिकलला काढलेला असतोच. ०.५ व्होल्टपर्यंत मिलिअँमीटरचा काटा ढिम्म, ०.६ला जरा हलतो आणि पुढे नॉब केसभर फिरवली की भसकन वर. जर्नलमध्ये 'नी व्होल्टेज ०.७' (नी म्हणजे गुडघा, रेषा वाकते ती जागा) लिहायचं, सही घ्यायची, सुटलो. पण ०.७ला आत एखादं दार उघडतं, हा समज तिथेच डोक्यात बसतो तो बसतोच.

या वक्ररेषेची गोष्ट डायोडच्या कितीतरी आधीची. १८७४ साली जर्मनीत लाइपझिगच्या एका शाळेत शिकवणारा फर्डिनांड ब्राउन गॅलेनासारख्या (शिशाचं खनिज) धातूंच्या सल्फाइडांतून वीज सोडून पाहत होता. ओहमच्या नियमाने व्होल्टेज दुप्पट केलं की करंट दुप्पट व्हायला हवा, आणि तारा उलटसुलट केल्या तरी तेवढाच यायला हवा. इथे दोन्ही होईनात. एका बाजूने वीज सहज जाई, दुसऱ्या बाजूने अडे. का, ते कोणालाच सांगता येईना. (१९०९ला ब्राउनला मार्कोनीबरोबर नोबेल मिळालं, पण ते बिनतारी संदेशवहनासाठी.)

कारण कळत नसलं तरी वापर थांबला नाही. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाच वापरून विद्युतलहरी टिपल्या. त्यांचं अमेरिकन पेटंट १९०४चं. पुढे क्रिस्टल रेडिओ आले. बारीक तारेने खड्यावर टोचत टोचत आवाज येणारी जागा शोधायची, टेबलाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून.

१९४०मध्ये बेल प्रयोगशाळेत रसेल ओलच्या हाती तडा गेलेली सिलिकॉनची कांडी आली. उजेड पडला की तिच्या दोन टोकांत जवळपास अर्धा व्होल्ट दिसे. तड्याच्या एका बाजूला पी (होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त), दुसऱ्या बाजूला एन (इलेक्ट्रॉन जास्त). डायोडच्या मुळाशी असलेला पी-एन जोड सापडला. त्याचं गणित विल्यम शॉकलीने १९४९मध्ये मांडलं: फॉरवर्ड बायसमध्ये, म्हणजे वीज सहज जाते त्या दिशेने व्होल्टेज दिलं की, करंट घातांकी वाढतो. खोलीच्या तापमानाला साधारण दर ६० मिलिव्होल्टला दसपट. उलट दिशेने मात्र इवलासा गळका प्रवाह, व्होल्टेज वाढवलं तरी तेवढाच.

म्हणजे १ मिलिअँपिअरला ०.६ व्होल्ट लागत असतील, तर सूत्राप्रमाणे १ मायक्रोअँपिअरला ०.४२ पुरतात. करंट तेव्हाही वाहतच असतो, आपल्या मिलिअँमीटरला तो दिसत नाही इतकंच. गुडघा डायोडमध्ये कमी आणि ग्राफच्या स्केलमध्ये जास्त. तीच रीडिंग्ज सेमीलॉग कागदावर (करंटच्या अक्षावर प्रत्येक पायरी दसपटीची) मांडली की गुडघा गायब, जवळपास सरळ रेषा.

खऱ्या सिलिकॉनमध्ये ती रेषा खालच्या टोकाला अपेक्षेपेक्षा कमी चढते. साह, नॉइस आणि शॉकली यांनी १९५७मध्ये त्याचं कारण दिलं: जोडातल्या, मोकळे वाहक जवळपास नसलेल्या, रित्या पट्ट्यातच इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना गाठून नाहीसे होतात. वरच्या टोकाला, करंट फार वाढला की रेषा पुन्हा वाकते. तिथे आड येतो तो सिलिकॉनचा स्वतःचा साधा रोध, अगदी ओहमच्या नियमाने चालणारा.