जुनं टेबल घासायला घेताय? आधी बघा, व्हिनियर आहे की सनमायका

सेकंडहँड टेबल नाहीतर कपाट स्वस्तात मिळालं की हात शिवशिवायला लागतात, कधी एकदा घासतो आणि रंग मारतो असं होतं. पण जरा थांबा, वरचा थर कशाचा आहे ते आधी बघा, कारण व्हिनियर आणि सनमायका म्हणजे लॅमिनेट लांबून सेम टू सेम दिसतात आणि दोघांवर करायचं काम मात्र पार वेगळं.

व्हिनियर हे खरं लाकूडच, फक्त पापुद्र्याएवढं. ओंडक्याचा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा काप काढून प्लाय किंवा एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) चिकटवलेला असतो, खूप जुन्या फर्निचरवर तो थोडा जाडही सापडतो. सनमायकात लाकडाचा काप औषधालाही नसतो, तपकिरी क्राफ्ट पेपरचे थर रेझिनमध्ये भिजवायचे, वर लाकडाचं डिझाइन छापलेला कागद ठेवायचा आणि उष्णता देऊन जबरदस्त दाबायचं, झाला पत्रा तयार. या प्रकारातलं फॉर्मायका १९१२ मध्ये निघालं ते फर्निचरसाठी नाही हं, विजेच्या इन्सुलेशनमध्ये मायका म्हणजे अभ्रकाच्या जागी वापरायला, म्हणून नाव ‘फॉर मायका’.

ओळखायचं कसं? कडा बघा. टॉपच्या कडेला नख फिरवलं आणि तिथे एक बारीक काळपट तपकिरी रेघ दिसली तर बहुतेक सनमायका, ती रेघ म्हणजे आतले कागदाचे थर. मग रेषा बघा, छापील डिझाइनमध्ये तीच गाठ, तेच वळण थोड्या अंतरावर पुन्हा जसंच्या तसं येतं. व्हिनियरचे काप शेजारी शेजारी लावले तर तेही एकमेकांसारखे किंवा आरशातल्यासारखे दिसतात, पण नीट बघितलं की कुठेतरी फरक सापडतोच. तरी शंका असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात २२० नंबरचा पॉलिशपेपर हलकेच फिरवा, जुनं पॉलिश निघून लाकडाचा भुसा यायला लागला तर व्हिनियर. नुसतं चरा पडून पांढुरकी पावडर आली तर सनमायका. (एकदम हलक्या फर्निचरवर नुसता छापील कागदही चिकटवलेला असतो, तो घासला की फाटतो, तिथे हात आणखी हलका ठेवा.)

व्हिनियर असेल तर माझं कळकळीचं सांगणं, लगेच रंग मारू नका. जुनं पॉलिश काढून नवीन लावलं की खरं लाकूड वर येतं आणि ते बघण्यात जे सुख आहे ते कुठल्याच रंगात नाही. फक्त मशीन वापरू नका. मी एका साइड टेबलावर सँडर फिरवला, दोन मिनिटं, आणि मधोमध तळहाताएवढा फिकट डाग दिसायला लागला, तो डाग नव्हता, खालचा प्लाय होता, लाकूड संपलं होतं. गेलेलं व्हिनियर परत येत नाही. त्यामुळे हातानेच, रेषांच्या दिशेने, आधी १८० मग २२०. कुठे फुगा आला असेल तर त्यावर ओलसर कापड ठेवून कोमट इस्त्री थोडा वेळ दाबा, जुना सरस असेल तर मऊ होऊन परत चिकटतो, वर वजन ठेवून रात्रभर तसंच राहू द्या.

सनमायकाला पॉलिश किंवा वुड स्टेन लावून काही उपयोग नाही, आत मुरतच नाही, पुसलं की निघून येतं. त्याला रंगच. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा पूर्ण काढायचा, मग २२० ने चमक जाईपर्यंत घासायचं, आरपार घासायची गरजच नाही, मग गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा बाँडिंग प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात. प्रायमर वाचवायला गेलात तर नखाने रंगाची सालं निघतील. कोपरा सुटला असेल तर रंगाच्या आधी दोन्ही बाजूंना कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबा, ओलं असताना दाबलं तर धरत नाही. आणि रंग हाताला सुकला तरी आतून कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर जड वस्तू ठेवू नका.

त्या साइड टेबलाचा टॉप मी शेवटी गडद हिरवा केला, पाय अख्ख्या लाकडाचे होते त्यांना पॉलिश केलं.