काचेची पेटी, प्लॅस्टिकचा खण आणि उपाशी बॉल पायथन

बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला लहानसा अजगर, खात नाही, ही साप पाळणाऱ्यांची जुनी तक्रार. उंदराचा आकार बदलून बघतात, खायला घालायची वेळ बदलतात. साप राहतो त्या घराकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये जगातलं पहिलं सर्पालय उघडलं, तेव्हा पेट्यांचा विचार बघणाऱ्यांच्या सोयीने झाला होता. सापाच्या बाजूने मोठं पाऊल पडलं 1927 मध्ये. तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची जबाबदारी सांभाळणाऱ्या जोन प्रॉक्टर यांनी आखलेल्या नव्या इमारतीत प्राण्यांच्या गरजेप्रमाणे वेगवेगळी ऊब मिळायची. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. ती कमी पडली तर गिळलेला उंदीर तो उलटून टाकतो.

घरोघरी मात्र साप आला तो माशांच्या टाकीत. चारही बाजूंना काच, वर जाळी. ऊब आणि दमटपणा वरून निघून जातो, कात तुकड्यातुकड्यांनी निघते. काही साप रात्रभर काचेवर नाक घासत फिरतात, काही कोपऱ्यात वेटोळं करून डोकं आत दडवतात. उंदीर पुढे धरला तर झडप घालण्याऐवजी मान मागे घेतात. घाना, टोगो, बेनिनमध्ये हा साप दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दडून राहतो. त्याला उघड्यावर ठेवल्यावर भूक लागणार कशी?

1992 मध्ये अमेरिकेत बॉल पायथनच्या पांढऱ्या-पिवळ्या अल्बिनो पिल्लांची पैदास झाली आणि वेगवेगळ्या रंगांच्या सापांचा बाजार फोफावला. शेकडो साप सांभाळायचे म्हणून कपाटासारख्या मांडणीत प्लॅस्टिकचे खण आले: खाली कागद, मागे तापणारी पट्टी, एक पाण्याचं भांडं. सोय माणसाची होती, पण अंधारात, अंगाला भिंती टेकल्यावर अनेक हट्टी उपाशी साप खाऊ लागले. हे मान्य करायलाच हवं.

पण खातो म्हणजे सुखात आहे, हा निष्कर्ष मला पटत नाही. आग्नेय नायजेरियातल्या बॉल पायथनवरचा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नर झाडांवर चढून पक्षी खाताना आढळले, माद्यांचा भर उंदरांवर होता. खणात चढायला जागाच नसते, अंग सरळ ताणताही येत नाही. 2021 मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव जातीच्या सापांना साधी आणि सजवलेली अशा दोन्ही जागा मोकळ्या ठेवल्या, तेव्हा त्यांनी सजवलेली जागा पसंत केली.

(आपल्याकडचे नाग, धामण, अजगर घरी पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापांची नोंदणीही 2022 च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली.)

आता अनुभवी लोक तीन बाजू झाकलेली, दार पुढून उघडणारी मोठी पेटी वापरतात. उबदार आणि थंड अशा दोन्ही टोकांना अंगाबरोबरची दडण, मध्ये पानांचा पसारा, चढायला फांद्या. रिकामी पेटी नुसती मोठी करून भागत नाही. खायला घालण्यासाठी साप वेगळ्या डब्यात हलवायची जुनी पद्धतही अनेकांनी सोडली; उचलाउचलीने बुजरा साप आणखी बिथरतो. तरीही विणीच्या हंगामात प्रौढ नर काही महिने खात नाहीत, तेव्हा घर बदलण्याआधी वजन करून, ते घटतंय का हे बघावं.