अटक झालेल्याचं नाव गुप्त नसतं

"मुंबईत कुणाला पोलिसांनी उचललं की कुठल्या स्टेशनला ठेवलंय हे ओळख किंवा पैसे असल्याशिवाय कळतच नाही" हे वर्षानुवर्षं फिरतंय, साफ चुकीचं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ बघा, प्रत्येक पोलीस स्टेशनात यासाठी एक अधिकारी नेमावाच लागतो, एएसआयच्या (सहायक उपनिरीक्षक) खालचा चालत नाही, आणि अटक झालेल्याचं नाव, पत्ता, गुन्हा काय ते सगळ्यांना दिसेल असं लावायचं, बोर्डावर नाहीतर डिजिटल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही (सीआरपीसी) अटक झालेल्यांची नावं लावायचं कलम ४१ सी होतंच की! शिवाय घरच्यांना कळवणं बंधनकारक आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. त्यामुळे कृपा करून ही माहिती काढून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका, सरळ स्टेशनात जाऊन कलम ३७ ची माहिती मागा.