पद्मिनीच्या चाकांचा प्रश्न : सीमाभागातल्या हौशी रॅलींची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातली हौशी मंडळी जुनी पद्मिनी कार टीएसडी रॅलीसाठी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे ठरलेलं अंतर दिलेल्या वेगाने आणि वेळेत कापायची रॅली) तयार करायला घेतात, तेव्हा इंजिनाचं काम एकवेळ लवकर उरकतं. घोडं अडतं ते चाकांपाशी.

फियाट ११०० डी, म्हणजे १९७४ पासून पद्मिनी म्हणून निघालेली गाडी, ५.२०-१४ मापाच्या (शेवटचा आकडा रिमच्या व्यासाचा, इंचांत) जुन्या बांधणीच्या क्रॉसप्लाय टायरवर यायची. अँबेसिडर ५.९०-१५ वर. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुकानात मिळेल तो टायर घालायचा आणि आंबोलीच्या ओल्या वळणांवर गाडी जपून न्यायची.

पुढे नव्या बांधणीचे रेडियल टायर सर्रास झाले आणि क्रॉसप्लायमधली कारची मापं बाजारातून हळूहळू गेली. जुन्या डिस्कवर, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या चाकावर, रेडियल चढतो, पण ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा त्या डिस्कला नसतो. म्हणून आत ट्यूब ठेवावीच लागते. खडीच्या रस्त्यावर पकड यावी म्हणून हवा कमी केली आणि जोरात वळण घेतलं, तर टायर बैठक सोडू शकतो. त्यामुळे लोक दुसऱ्या गाड्यांच्या डिस्क शोधू लागले.

जीपवाल्यांचं सोपं होतं. जीप आणि जिप्सी दोन्हींची पीसीडी (नटांची भोकं किती आणि ती ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) ५ बाय १३९.७ मिलिमीटर, त्यामुळे नटांची भोकं जुळतात. पद्मिनीला जुळणारी डिस्क हाताशी नसली, की अडॅप्टर प्लेट, म्हणजे गाडी आणि न जुळणारी डिस्क यांच्यामधली जोडपट्टी, करून घेण्याचा मोह होई. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आणि लेथ दोन्ही असल्यावर प्लेट करून घेणं अवघड नव्हतं. पण २० मिलिमीटर जाडीची प्लेट चाकाला तेवढंच बाहेर ढकलते. दोन्ही बाजू मिळून ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, ४० मिलिमीटरने वाढतो, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि मडगार्डची कड टायरला घासू लागते. प्लेट ओतीव अॅल्युमिनियमची असेल तर भोकाभोवती तडा जाण्याची भीती वेगळीच. डिस्क कापून मधे पट्टी वेल्ड करून ती रुंद करण्याचा प्रकार तर याहून वाईट. असं चाक लेथवर धरून डायल गेज लावला की काटा नाचताना दिसतो, म्हणजे चाक सरळ फिरत नाही. रॅलीत अशा चाकाला जागा नसावी.

टीएसडीत आणखी एक अडचण आहे आणि नवख्यांना ती उशिरा कळते. १६५/८० आर १४ टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर भरतो, तर १७५/७० आर १३ चा ५७५. मोठ्या टायरशी जुळलेला ओडोमीटर तसाच ठेवून लहान चाकं घातली, तर गाडी १०० किलोमीटर जाते आणि आकडा १०७.७ च्या आसपास दिसतो. नॅव्हिगेटरचं सगळं गणित तिथेच कोसळतं. शिवाय गाडी २२ मिलिमीटर खाली येते, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर तेवढं अंतर पोटाखाली हवंच असतं.

हे सगळं वर्कशॉपात निस्तरता येतं. जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मात्र वाद गाडीच्या कागदांपर्यंत नेला. प्रकरण केरळमधलं होतं आणि मुद्दा गाडीच्या रचनेतल्या बदलाचा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. लोकांच्या तोंडी याचं झालं ‘अलॉयवर (मिश्रधातूच्या चाकांवर) बंदी’. खासगी कारच्या नोंदणी प्रमाणपत्रावर (आरसीवर) टायरचं माप छापलेलं नसतं. मग कोणता तपशील विसंगत ठरतो, हा साधा प्रश्न त्या गोंगाटात मागे पडला. चेसिस कापणं आणि चार नट सोडून डिस्क बदलणं या दोन गोष्टी एकाच तराजूत घालणं अन्यायाचं आहे. दुसरा बदल तासाभरात मागे घेता येतो. इथल्या लोकांना हा संभ्रम जास्त जाचतो, कारण केए-२२ ची, म्हणजे बेळगावच्या नोंदणीची, गाडी सकाळी बेळगावात, दुपारी चंदगडमध्ये आणि संध्याकाळी गोव्यात असू शकते. कायदा केंद्राचा असला तरी रस्त्यात गाडी अडवणारा माणूस प्रत्येक राज्याचा वेगळा.

जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम आले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी असेल तर विंटेज म्हणून नोंदणी, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम, नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिका. रोजच्या वापराला मनाई, विंटेज रॅलीला मुभा. मोठ्या फेरबदलाचा दाखला म्हणून नियमात चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांची नावं आहेत, चाकांचं नाही. हौशींनी त्यातून आपल्या बाजूचा अर्थ काढला आणि तो मला पटतो. तरीही जाणती मंडळी मूळ पाच डिस्क भंगारात देत नाहीत. गंज काढून, प्रायमर मारून त्या ठेवतात आणि नोंदणीच्या तपासणीला गाडी त्यांच्यावरच नेतात. १९७४ च्या पद्मिनींची पन्नाशी २०२४ मध्ये भरली, त्यामुळे ही तपासणी आता इथल्या बऱ्याच गाड्यांच्या वाट्याला येणार आहे.