शिव्हलरी, खंडणी आणि अ‍ॅजिनकोर्टचे कैदी: थोडी पार्श्वभूमी

अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्लंडच्या राजाने शरण आलेले कैदी मारायला लावले, ते बरोबर होतं का हा जुना वाद आहे, त्याचीच ही पार्श्वभूमी. नाइट म्हणजे सरंजामशाहीतले चिलखत घालून लढणारे घोडेस्वार, आणि शिव्हलरी म्हणजे त्यांनी कसं वागावं याची आचारसंहिता. सुरुवातीचं एवढंच लक्षात ठेवायचं की दहाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये हे घोडेस्वार स्वतःच गावं लुटत होते. म्हणून ९८९ मध्ये फ्रान्समधल्या शारू गावच्या सभेत चर्चने ठरवलं की चर्च लुटणारा, निःशस्त्र पाद्र्यावर हात टाकणारा आणि गरिबांची गुरं पळवणारा धर्माबाहेर. मग १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँहून पोपने धर्मयुद्धाची हाक दिली आणि त्याच तलवारी जेरुसलेमकडे वळवल्या गेल्या. दुबळ्यांचं रक्षण वगैरे आदर्शांमागे चर्चचा हा दबाव फार मोठा होता, ते नाइटांच्या मनातून आपोआप उगवले असं समजणं भाबडेपणाचं आहे.

माझ्या मते शिव्हलरी समजून घ्यायची तर इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात बघावी. शौर्य, निष्ठा, दानत, मान हे सगळं होतंच पण रणांगणावर सगळ्यात जास्त वजन होतं दिलेल्या शब्दाला. हरलेला नाइट उजव्या हाताचा लोखंडी हातमोजा काढून समोरच्याला द्यायचा आणि तिथेच करार व्हायचा, मी तुझा कैदी, तू माझा जीव राखायचा, मी खंडणी भरीन. इंग्लिश सैन्यात तर हिशोबही ठरलेला, शिपायाच्या कमाईतला एक तृतीयांश त्याच्या कप्तानाला आणि त्यातला एक तृतीयांश राजाला. १३५६ ला प्वातिएच्या लढाईत खुद्द फ्रान्सचा राजा पकडला गेला, त्या रात्री जिंकलेल्या इंग्लिश राजपुत्राने त्याला स्वतः जेवण वाढलं, आणि १३६० मध्ये त्याची खंडणी ठरली तीस लाख सोन्याची नाणी. ओलीस ठेवलेला मुलगा पळाला तेव्हा हा राजा १३६४ मध्ये आपणहून लंडनला कैदेत परत गेला आणि तिथेच वारला. ही गोष्ट मला आजही भारावून टाकते. फक्त जेवण वाढणाऱ्या त्याच राजपुत्राने आदल्या वर्षी दक्षिण फ्रान्समध्ये शेकडो गावं जाळली होती हेही सोबत वाचलं पाहिजे, कारण त्या गावकऱ्यांकडे काढून द्यायला हातमोजा नव्हता.

आता वादाचा मुद्दा. २५ ऑक्टोबर १४१५, अ‍ॅजिनकोर्ट. उत्तर फ्रान्समधल्या, याच युद्धातल्या या लढाईत फ्रेंच नाइट चिखलात अडकले, शेकडो जण शरण आले, त्यांना इंग्लिश फळीच्या मागे नेलं. तेवढ्यात मागे सामानावर हल्ला झाल्याची आणि उरलेली फ्रेंच तुकडी पुन्हा गोळा होतेय अशी खबर आली, आणि इंग्लंडच्या राजाने हुकूम दिला की कैदी मारा, फक्त अगदी बडे तेवढे ठेवा. त्याचे स्वतःचे नाइट तयार होईनात, अब्रूचा प्रश्न होता आणि हातची खंडणी जाणार हाही होता, शेवटी एका सरदाराला दोनशे धनुर्धारी देऊन ते काम करवून घेतलं. फ्रान्समधल्या बरगंडी प्रांताच्या ड्यूकच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या, पदरी असलेल्या एका नाइटने आपली हकिगत लिहून ठेवलीये, गुडघ्याला आणि डोक्याला जखम, दहा-बारा कैद्यांबरोबर एका घरात कोंडलेला, मग त्या घराला आग लावली तर हा सरपटत बाहेर पडला, पुन्हा पकडला गेला, विकला गेला आणि शेवटी १,२०० सोन्याची नाणी आणि वर एक घोडा देऊन सुटला. दुसरा एक ड्यूक उशिरा पोचला म्हणून घाईत एका निशाणाला भोक पाडून तेच अंगरख्यासारखं घालून लढायला उतरला, आणि तो एवढा मोठा असामी आहे हे कोणाला कळलंच नाही म्हणून कैद्यांबरोबर मारला गेला.

राजाची बाजू घेणारे म्हणतात कैदी चिलखतात होते, जमिनीवर हत्यारं पडलेली होती, माणसं कमी होती, दुसरं काय करणार. त्या काळच्या फ्रेंच बखरकारांनीही राजाला फारसा दोष दिला नाही, उलट सामान लुटणाऱ्या आपल्याच लोकांना धरलं. पण मला हे पटत नाही, त्यांनी दोष दिला नाही याचा अर्थ नियम मोडला नाही असा होत नाही, कारण शब्द ज्याने दिला होता तो शिपाई होता आणि तो मोडायला लावला राजाने.

पुढे तोफा आल्या, पगारी फौजा आल्या आणि हे सगळं मागे पडलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिव्हलरी पुन्हा उकरून काढली, १८३९ मध्ये स्कॉटलंडला एका उमरावाने नाइटांसारखे सामने भरवले, पाऊस कोसळला तरी प्रचंड गर्दी. पण यातून जी शिव्हलरी तयार झाली ती बायकांशी सभ्य वागण्याची. १९१२ ला टायटॅनिक बुडाली तेव्हा पेपरांनी हाच शब्द वापरून पुरुषांचं कौतुक केलं, प्रत्यक्षात पहिल्या वर्गातल्या जवळपास सगळ्या बायका वाचल्या आणि तिसऱ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त बुडाल्या.

अ‍ॅजिनकोर्टचा वाद मात्र तसाच राहिला. २०१० मध्ये वॉशिंग्टनला इंग्लंडच्या त्या राजावर लुटुपुटीचा खटला चालवला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले खरे न्यायाधीश बसले होते, आणि कैद्यांच्या हत्येबद्दल त्यांनी एकमताने राजाच्या विरोधात निकाल दिला. तो आजच्या कसोटीने दिला अशी टीका होते. मला वाटतं त्या काळच्या कसोटीनेही तोच द्यायला हवा होता, हातमोजा घेतला की जीव राखायचा हा नियम १४१५ चाच आहे, आपण तो मागाहून लादलेला नाही.