पगार बंद, हप्ते चालू: नाशिकच्या घरगुती कर्जांमागचे कायदे

सातपूर-अंबडच्या कामगाराची नोकरी गेली की वसुली एका दाराने येत नाही. घराचा हप्ता बँकेचा किंवा हाउसिंग फायनान्सचा असतो. लग्नाचे किंवा दवाखान्याचे कर्ज पतसंस्थेचे, दुचाकी आणि मोबाइलचे फायनान्स कंपनीचे, आणि अलीकडे त्यात ॲपवरच्या कर्जाची भर. हातउसने आणि भिशी वेगळीच. या प्रत्येक देण्यामागचा कायदा वेगळ्या काळात, वेगळा कर्जदार डोळ्यासमोर ठेवून झाला. पगारच थांबलेला माणूस त्यांपैकी कोणत्याही कायद्याने फारसा धरलेला नव्हता.

सावकारांविरुद्धच्या 1875 च्या दंग्यांनंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. सावकारीवरचा मुंबई प्रांताचा कायदा 1946 चा. त्याची जागा 2014 मध्ये राज्याच्या नव्या कायद्याने घेतली. दोन्ही वेळा डोळ्यासमोर प्रामुख्याने शेतकरी होता.

शहरातल्या नोकरदाराला आजही उपयोगी पडते ते दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारे आणि रूढीनुसार बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने यांवर जप्ती येत नाही. भविष्य निर्वाह निधीलाही हात लावता येत नाही. साध्या देण्याच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. हे संरक्षण बऱ्याच घरांना ठाऊकच नसते, आणि दारात आलेला वसुलीवाला ते सांगायला थोडाच येतो!

नाशिकची खरी घडण साठच्या दशकापासूनची. सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, मग अंबड, पुढे सिन्नर. कायम नोकरी हेच तारण, अशी पद्धत पडली. सहकारी संस्थांच्या 1960 च्या कायद्यातले कलम 49 पतपेढीचा हप्ता थेट पगारातून कापू देते, आणि कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला की संस्थेला दिवाणी दाव्याची पायरी चढावी लागत नाही. कर्जदाराबरोबर जामीनदारही त्याच दाखल्यात येतो. कारखाने कायम भरती करत होते तोवर ही व्यवस्था चालून गेली. पुढे ठेकेदारी आली, ब्रेक देण्याची, म्हणजे काही महिन्यांनी कामगाराला कामावरून थांबवण्याची पद्धत आली, तरी जामीनदार मात्र शेजारच्या मशीनवरचाच राहिला. कारखान्याने एका दमात दोघांना घरी बसवले की कर्जदार आणि जामीनदार एकाच रांगेत उभे.

2002 च्या वसुली कायद्याने तारण घेतलेल्या बँकांना न्यायालयाबाहेर घर ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. 90 दिवस थकले की खाते अनुत्पादक, म्हणजे वसुली थांबलेले, ठरते, त्यानंतर 60 दिवसांची नोटीस. याच्या शेजारी कामगार विम्यातली बेकारी मदत ठेवून पाहावी. 2018 च्या योजनेत सरासरी कमाईच्या 25 टक्के रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळणार होती, पण ती देय व्हायची नोकरी जाऊन 90 दिवस झाल्यावर. म्हणजे बँकेचा काटा लाल होण्याच्या सुमारास मदतीचा अर्ज पात्र होणार. 2020 मध्ये मदत 50 टक्के आणि प्रतीक्षा 30 दिवसांवर आणली, तेव्हा हा मेळ थोडा तरी बसला.

त्याच वर्षीच्या, कोविडच्या लॉकडाउनमधल्या हप्ते-स्थगितीबद्दल आजही घरोघरी गैरसमज आहे. 27 मार्च 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने तीन महिन्यांची सवलत जाहीर केली, मे महिन्यात ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. हप्ता भरला नाही तरी खाते थकीत धरायचे नव्हते, पतगुणांकावर डाग नव्हता. व्याज मात्र चालूच होते. ‘सहा महिने माफ’ असे लोकांनी ऐकले, आणि नीट समजावून सांगायची घाई कर्ज देणाऱ्यांनाही नव्हती.

वाद पेटला तो व्याजावरच्या व्याजावरून. आग्र्याच्या एका चष्मा व्यावसायिकाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबरमध्ये केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचा चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक स्वतः देण्याचे ठरवले. 23 मार्च 2021 च्या निकालाने दोन कोटींची मर्यादा काढून तो दिलासा सगळ्यांना लागू केला, पण संपूर्ण व्याजमाफी आणि मुदतवाढ नाकारली. वर्तमानपत्रांत कर्जदारांचा विजय झळकला.

आकडे मांडले की विजय केवढा ते दिसते. 20 लाखांचे गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, 15 वर्षे बाकी, म्हणजे हप्ता सुमारे 19,700 रुपये. सहा महिन्यांचे सरळ व्याज 85,000. त्यावरचे व्याज साधारण 1,500. एवढे भांडून सुटले ते हे 1,500. उरलेले 85,000 मुद्दलात गेले आणि हप्ता तोच ठेवला, तर 180 ऐवजी जवळपास 196 हप्ते भरावे लागतात. ठेवीदारांना व्याज द्यायचे तर कर्जावर ते घ्यावेच लागणार, हा बँकांचा युक्तिवाद खोटा नव्हता. पण ज्याच्या घरात दमडी येत नव्हती त्याच्यासाठी ही सवलत म्हणजे न मागता मिळालेले आणखी एक कर्ज होते.

कर्जाच्या पुनर्रचनेचा, म्हणजे मुदत आणि हप्ते नव्याने ठरवण्याचा मार्ग 6 ऑगस्ट 2020 ला खुला झाला. अट अशी की 1 मार्च 2020 रोजी थकबाकी 30 दिवसांहून जास्त नसावी. मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकत होती. पण पुढे उत्पन्न येईल हे बँकेला पटवून द्यायचे होते, आणि ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनाला बँकेच्या टेबलावर किंमत नसते. लॉकडाउनच्या आधीच ब्रेक मिळून ज्याचे हप्ते चुकले होते, तो तर दारातूनच परत. पुढच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या फेरीतही नियमित खात्यांनाच जागा होती.

मग मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि तरत्या दराच्या गृहकर्जांची मुदत पुन्हा लांबली. ऑगस्ट 2022 मध्ये वसुली एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास मनाई झाली. सप्टेंबरमध्ये ॲपवरच्या कर्जांना नियम लागले. जून 2023 मध्ये तडजोडीच्या सेटलमेंटची चौकट आली, एप्रिल 2024 पासून दंडाच्या रकमेवर व्याज चढवणे बंद झाले. वसुलीची पद्धत सुधारली हे खरे, देणे मात्र तेवढेच राहिले.

देणे पुसण्याची तरतूद 2016 च्या दिवाळखोरी संहितेत लिहिलेली आहे: वार्षिक उत्पन्न 60,000 पर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, पात्र कर्ज 35,000 पर्यंत आणि स्वतःचे घर नसावे. तारण कर्ज त्यात धरलेच जात नाही. नाशिकच्या सिडको वसाहतीतल्या एका खोलीच्या मालकालाही ती बाद करते. शिवाय व्यक्तींबाबतचा तो भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना लागू झाला, इतरांसाठी तो सुरूच केलेला नाही. त्यामुळे नाशिकच्या बेकार कर्जदाराला न्यायालयात जायचेच असेल, तर आजही 1920 च्या प्रांतिक नादारी (दिवाळखोरी) कायद्याखालीच अर्ज करावा लागतो. त्यातली कर्जाची किमान मर्यादा आहे 500 रुपये.